ट्रीसेटमधून हवा तेवढाच भाग कसा काढावा: सबसेट, हेडसेट, टेलसेट टप्प्याटप्प्याने

ट्रीसेट म्हणजे घटक लहान-मोठ्या क्रमाने ठेवणारा जावामधला संच. त्यातले ठरावीक टप्प्यातले, म्हणजे दोन सीमांमधले घटक हवे असले की बहुतेकजण सबसेट मेथडला दोन आकडे देतात, आउटपुट बरं दिसलं की पुढच्या कामाला लागतात. गडबड नंतर उघडकीला येते. शेवटचा घटक यादीत आलेलाच नसतो. काढलेल्या तुकड्यावर सगळं पुसणारं क्लिअर चालवलेलं असतं आणि मूळ सेटमधली माहितीही गेलेली असते. सारखे टक्के मिळालेल्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकच दिसत असतो. या चुका कंपायलर पकडत नाही, बहुतेक वेळा एररही येत नाही, म्हणूनच त्या महिनोन्‌महिने कोडमध्ये राहतात.

खाली कामाचा क्रम दिला आहे तसाच पाळा. विशेषतः टप्पा ३ सोडून थेट टप्पा ४ वर जाऊ नका. क्लास आणि मेथडची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. एडिटरमध्ये ती जावाच्या नेहमीच्या स्पेलिंगने टाइप करा आणि सबसेट, हेडसेट, टेलसेट या तिन्हींत मधला एस कॅपिटल ठेवा.

उदाहरणासाठी दहावीच्या निकालाच्या सीमा घेऊ, कारण त्या सगळ्यांना पाठ असतात: ३५ टक्क्यांना उत्तीर्ण, ४५ ला द्वितीय श्रेणी, ६० ला प्रथम श्रेणी, ७५ ला विशेष प्रावीण्य. सेटमध्ये हे आकडे आहेत असं धरा:

१८, २९, ३४, ३५, ४५, ५२, ५९, ६०, ७४, ७५, ९१

## टप्पा १: कोडच्या आधी दोन्ही टोकं कागदावर लिहा

द्वितीय श्रेणी म्हणजे ४५ पासून ६० च्या आत. प्रत्येक टोकाबद्दल वेगळा निर्णय घ्या: हा आकडा धरायचा की सोडायचा? ४५ धरायचा, ६० सोडायचा. एवढं लिहून झाल्याशिवाय एडिटर उघडू नका.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे "६० च्या आत" याचं मनातल्या मनात "५९ धरून" करून टाकणं. पूर्णांक असेपर्यंत दोन्ही सारखंच चालतं. पण उद्या टक्केवारी दशांशात आली की ५९.८० मिळालेला विद्यार्थी द्वितीय श्रेणीतही सापडत नाही आणि प्रथम श्रेणीतही नाही. वरची सीमा नेहमी पुढच्या गटाच्या सुरुवातीने सांगा आणि ती सोडा. मग दोन गटांच्या मध्ये फट उरत नाही.

## टप्पा २: सेटचा आणि व्हेरिएबलचा प्रकार

हॅशसेटला क्रमच नसतो. लिंक्डहॅशसेटला असतो, पण तो घटक टाकल्याचा, लहान-मोठ्याचा नव्हे. दोन सीमांमधला भाग कापून काढायचा तर ट्रीसेट हवा, किंवा अनेक थ्रेड एकाच सेटवर काम करणार असतील तर कॉन्करंटस्किपलिस्टसेट.

व्हेरिएबल मात्र नॅव्हिगेबलसेट या प्रकाराचं ठेवा:

```
नॅव्हिगेबलसेट<इंटिजर> टक्के =
    न्यू ट्रीसेट<>(लिस्ट.ऑफ(१८, २९, ३४, ३५, ४५, ५२, ५९, ६०, ७४, ७५, ९१));
```

जुन्या पुस्तकांत सॉर्टेडसेट लिहिलेलं दिसतं. तो इंटरफेस जावा १.२ पासून आहे आणि त्यात टोक धरायचं की सोडायचं हे सांगायची सोय नाही. ती सोय नॅव्हिगेबलसेटमध्ये जावा ६ पासून, म्हणजे २००६ पासून मिळते. आज सॉर्टेडसेट लिहून स्वतःचे हात बांधून घ्यायचं काही कारण नाही.

सावधान: दोन पॅरामीटरची सबसेट मेथड सॉर्टेडसेट परत करते, चार पॅरामीटरची नॅव्हिगेबलसेट परत करते. दोनवालीचं उत्तर नॅव्हिगेबलसेटच्या व्हेरिएबलमध्ये ठेवायला गेलात तर "इनकंपॅटिबल टाइप्स" ही एरर येईल. तिथे कास्ट करून, म्हणजे प्रकार जबरदस्तीने बदलून, वेळ मारून नेऊ नका, चार पॅरामीटरची मेथड वापरा.

सावधान: स्ट्रीमवरून सेट बनवताना कलेक्टर्सची टूसेट मेथड वापरली की क्रमाची कुठलीच हमी राहत नाही. टूकलेक्शन वापरा आणि तिला ट्रीसेटचा कन्स्ट्रक्टर द्या.

## टप्पा ३: तुलनेचा नियम पक्का करा

सर्वात जास्त नुकसान इथे होतं. ट्रीसेट दोन घटक एकच आहेत का, हे इक्वल्सला विचारत नाही, कंपॅरेटरला, म्हणजे दोन घटकांत लहान कोण हे ठरवणाऱ्या नियमाला विचारतो. कंपॅरेटरने शून्य दिलं की दुसरा घटक आत घेतलाच जात नाही. एक्सेप्शन नाही, वॉर्निंग नाही. ॲड मेथड फक्त फॉल्स परत करते आणि ते उत्तर बहुतेक कोणी पाहत नाही.

आकड्यांऐवजी आता विद्यार्थ्यांचे ऑब्जेक्ट घ्या:

```
रेकॉर्ड विद्यार्थी(इंट टक्के, इंट क्रमांक, स्ट्रिंग नाव) {}
```

यांचा सेट फक्त टक्क्यांवर लावला, तर ७४ टक्क्यांच्या तीन मुलींपैकी पहिली आत जाईल आणि बाकी दोघी गायब होतील. नंतर सबसेटचं उत्तर चुकतंय म्हणून माणूस सीमा तपासत बसतो. खरा घोळ सेट भरतानाच झालेला असतो. टक्के सारखे असतील तर हजेरी क्रमांकावर तुलना व्हावी, असा दुसरा निकष जोडा:

```
कंपॅरेटर<विद्यार्थी> नियम =
    कंपॅरेटर.कंपेअरिंगइंट(विद्यार्थी::टक्के)
            .देनकंपेअरिंगइंट(विद्यार्थी::क्रमांक);
नॅव्हिगेबलसेट<विद्यार्थी> वर्ग = न्यू ट्रीसेट<>(नियम);
वर्ग.ॲडऑल(यादी);
```

दुसरा निकष असा निवडा की तो दोन वेगळ्या माणसांचा कधीच सारखा नसेल. नाव चालणार नाही. एका वर्गात एकाच नावाची दोन मुलं सहज असतात.

तपासा: सेट भरल्यावर लगेच यादीची साइझ आणि सेटची साइझ छापून पाहा. यादीत एकच नोंद दोनदा नसेल तर दोन्ही आकडे जुळलेच पाहिजेत. जुळले नाहीत तर पुढे जाऊ नका.

आता सीमा कशी द्यायची? सेट विद्यार्थ्यांचा आहे, त्यामुळे नुसता ४५ देता येत नाही. त्याच प्रकाराचा ऑब्जेक्ट द्यावा लागतो. तो सेटमध्ये असायला हवा असं मुळीच नाही. केवळ तुलनेपुरता एक नमुना बनवा आणि त्याचा क्रमांक शक्य तितका लहान ठेवा:

```
विद्यार्थी पासून = न्यू विद्यार्थी(४५, इंटिजर.मिन_व्हॅल्यू, "");
विद्यार्थी आत    = न्यू विद्यार्थी(६०, इंटिजर.मिन_व्हॅल्यू, "");
वर्ग.सबसेट(पासून, ट्रू, आत, फॉल्स);
```

दोन्ही नमुन्यांत लहानात लहान क्रमांक का, हे नीट समजून घ्या. ४५ टक्क्यांचा कोणताही खरा विद्यार्थी पहिल्या नमुन्याच्या पुढेच येतो, म्हणून सगळे ४५ वाले आत येतात. ६० टक्क्यांचा कोणताही खरा विद्यार्थी दुसऱ्या नमुन्याच्या पुढे येतो, म्हणून सगळे ६० वाले बाहेर राहतात. वरच्या नमुन्यात चुकून सर्वांत मोठा क्रमांक दिलात तर ६० चे सगळे द्वितीय श्रेणीत घुसतील, शेवटी फॉल्स लिहिलेलं असूनही.

आणखी एक पथ्य: घटक सेटमध्ये असताना ज्या फील्डवर तुलना होते ते बदलू नका. फेरतपासणीत टक्के वाढले तर जुना घटक आधी काढा, नव्या टक्क्यांचा नंतर टाका. रेकॉर्ड वापरलं की फील्ड बदलताच येत नाही, हा त्याचा इथे मोठा फायदा.

## टप्पा ४: तीन मेथडमधून योग्य ती निवडा

हेडसेट सुरुवातीपासून दिलेल्या टोकापर्यंतचा भाग देते आणि काही सांगितलं नाही तर ते टोक सोडते. टेलसेट दिलेल्या टोकापासून शेवटपर्यंतचा भाग देते आणि टोक धरते. सबसेट मधला भाग देते, पहिलं टोक धरते, दुसरं सोडते.

- टक्के.हेडसेट(३५) → १८, २९, ३४
- टक्के.टेलसेट(३५) → ३५, ४५, ५२, ५९, ६०, ७४, ७५, ९१
- टक्के.सबसेट(४५, ६०) → ४५, ५२, ५९

पहिल्या दोन ओळी जोडीने पाहा. एकच ३५ दोन्हींना दिला, तरी कोणी दोन्हीकडे गेला नाही आणि कोणी सुटलाही नाही. हा नियम असा का आहे, हे या एका जोडीवरून लक्षात राहतं.

तरीही माझा आग्रह असा की ट्रू-फॉल्स प्रत्येक ठिकाणी स्पष्ट लिहा. सबसेट(४५, ट्रू, ६०, फॉल्स) वाचणाऱ्याला विचार करावा लागत नाही. सबसेट(४५, ६०) वाचणारा दर वेळी डॉक्युमेंटेशन उघडतो, नाहीतर अंदाज बांधतो.

सावधान: या मेथडना घटकाची किंमत लागते, जागेचा क्रमांक नव्हे. सबसेट(०, १०) म्हणजे "पहिले दहा" नाहीत. शून्यापासून दहाच्या आतले आकडे. पहिले दहा हवे असतील तर स्ट्रीम घेऊन लिमिट(१०) लावा. पानापानाने दाखवायचं असेल तर मागच्या पानावरचा शेवटचा घटक लक्षात ठेवून टेलसेट(शेवटचा, फॉल्स) घ्या आणि त्यावर लिमिट लावा.

## टप्पा ५: टोक धरायचं असेल तेव्हा

चारवाली मेथड माहीत नसलेले लोक वरच्या टोकात एक मिळवतात: सबसेट(४५, वरचा + १). पूर्णांकावर चालतं, पण वरचा म्हणून इंटिजर.मॅक्स_व्हॅल्यू आला की एक मिळवल्यावर तो ऋण होतो आणि इल्लिगल आर्ग्युमेंट एक्सेप्शन येतं. दशांशात तर "पुढचा आकडा" एक मिळवून मिळतच नाही. मजकुरासाठी टोकाला शून्य कोडचं अक्षर जोडायची जुनी युक्ती आहे. ती बरोबर आहे, पण आता तिची गरज नाही. ट्रू लिहा आणि मोकळे व्हा.

तारखांचं उलट आहे. तिथे वरचं टोक सोडणंच सोयीचं. आर्थिक वर्ष २०२४-२५ चे व्यवहार काढायचे तर:

```
तारखा.सबसेट(लोकलडेट.ऑफ(२०२४, ४, १), ट्रू,
            लोकलडेट.ऑफ(२०२५, ४, १), फॉल्स);
```

३१ मार्च धरून लिहिलं तरी नुसत्या तारखांवर उत्तर तेच येईल. पण सेटमध्ये वेळेसकट तारखा असतील आणि वरचं टोक ३१ मार्चचे ००:०० असेल, तर ३१ मार्चचे दिवसभराचे व्यवहार सगळे बाहेर पडतात. वर्षअखेरीला नेमकी त्याच दिवशी झुंबड असते. कोणी मग २३:५९:५९ लिहितं. त्या शेवटच्या सेकंदाच्या आतल्या नोंदी तरीही सुटतात. १ एप्रिल, फॉल्स. महिन्यासाठीही हेच: महिन्याची पहिली तारीख घ्या, प्लसमंथ्स(१) ने वरचं टोक काढा, म्हणजे फेब्रुवारी २८ चा की २९ चा हा प्रश्नच येत नाही.

तपासा: सीमा वापरणाऱ्याने स्क्रीनवर भरलेल्या असतील तर आधी त्यांची तुलना करा. पहिलं टोक दुसऱ्याच्या पुढचं असेल तर इल्लिगल आर्ग्युमेंट एक्सेप्शन येतं. दोन्ही सारखी असतील तर एक्सेप्शन येत नाही. सबसेट(६०, ६०) रिकामा सेट देते. एखादं टोक नल असेल आणि क्रम नैसर्गिक (म्हणजे वेगळा कंपॅरेटर न दिलेला) असेल तर नल पॉइंटर एक्सेप्शन, सेट रिकामा असला तरी.

## टप्पा ६: उलटा क्रम हवा असेल तर आधी कापा, मग उलटा करा

गुणवत्ता यादी वरून खाली लागते, म्हणून लोक आधी डिसेंडिंगसेट घेतात. त्या उलट्या सेटवर सबसेट(४५, ६०) दिलं की एक्सेप्शन, कारण त्या क्रमात ६० आधी येतो. मग आकडे फिरवून सबसेट(६०, ४५) लिहिलं जातं आणि एक्सेप्शन थांबतं. उत्तर येतं ६०, ५९, ५२. म्हणजे ६० आत आला आणि ४५ बाहेर गेला, कारण पहिलं टोक धरायचं आणि दुसरं सोडायचं हा नियम उलट्या क्रमातही तसाच लागू होतो.

त्यापेक्षा:

```
टक्के.सबसेट(४५, ट्रू, ६०, फॉल्स).डिसेंडिंगसेट()
```

उत्तर ५९, ५२, ४५. सेटच मुळात उलट्या कंपॅरेटरने बांधलेला असेल तर हा मार्ग नाही. तिथे मोठा आकडा आधी द्या आणि ट्रू-फॉल्स अदलाबदल करायला विसरू नका: सबसेट(६०, फॉल्स, ४५, ट्रू).

## टप्पा ७: व्ह्यू हवा की कॉपी, हे ठरवा

सबसेट, हेडसेट आणि टेलसेट नवा सेट बनवत नाहीत. हातात येतो तो मूळ सेटवरचा व्ह्यू, म्हणजे त्याच घटकांकडे उघडणारी खिडकी. यातून निघणारी प्रत्येक गोष्ट नीट लक्षात घ्या.

मूळ सेटमध्ये नंतर ४८ टाकला तर आधी काढलेल्या द्वितीय श्रेणीच्या तुकड्यात तो आपोआप दिसतो. तुकड्यातून ५२ काढला तर मूळ सेटमधूनही जातो. तुकड्यावर पोलफर्स्ट चालवलं तर तेही मूळ सेटमधून काढतं. नुसतं पाहायचं असेल तर फर्स्ट वापरा. तुकड्यात ६३ टाकायला गेलात तर इल्लिगल आर्ग्युमेंट एक्सेप्शन, कारण तो टप्प्याबाहेरचा आहे. टप्प्याबाहेरचा घटक काढायला सांगितला तर मात्र नुसता फॉल्स.

हे वागणं कामाचंही आहे. जुन्या नोंदी एका फटक्यात काढायच्या असतील तर:

```
तारखा.हेडसेट(लोकलडेट.ऑफ(२०२४, ४, १), फॉल्स).क्लिअर();
```

लूप नको, तात्पुरती यादी नको. पण हीच ओळ "तात्पुरता तुकडा साफ करतोय" अशा समजुतीने लिहिली गेली तर माहिती गेली.

तुकडा दुसऱ्या मेथडला द्यायचा असेल, साठवायचा असेल किंवा मूळ सेट बदलत असताना त्यावर लूप चालवायचा असेल, तर कॉपी करा:

```
नॅव्हिगेबलसेट<इंटिजर> द्वितीय =
    न्यू ट्रीसेट<>(टक्के.सबसेट(४५, ट्रू, ६०, फॉल्स));
```

कॉपीला टप्प्याचं बंधन नसतं. तिच्यात ६३ टाकता येतो. शिवाय व्ह्यू जपून ठेवला तर त्याच्यामागे अख्खा मूळ सेट मेमरीत राहतो. लाखभर घटकांतले दहा जपायचे असतील तर कॉपीच हवी.

सावधान: कॉपी करताना व्हेरिएबलचा जाहीर केलेला प्रकार महत्त्वाचा असतो. तुकडा सॉर्टेडसेट किंवा नॅव्हिगेबलसेट म्हणून दिला तर ट्रीसेट त्याचा कंपॅरेटरही घेतो. तोच ऑब्जेक्ट सेट किंवा कलेक्शन प्रकाराच्या व्हेरिएबलमधून दिला तर वेगळा कन्स्ट्रक्टर निवडला जातो, कंपॅरेटर हरवतो आणि नैसर्गिक क्रम लागतो. टप्पा ३ मधला विद्यार्थी रेकॉर्ड इथे थेट क्लास कास्ट एक्सेप्शन देईल, कारण त्याला नैसर्गिक क्रमच नाही.

नुसतं वाचायला द्यायचं असेल आणि ताजी माहितीही दिसत राहायला हवी असेल, तर कलेक्शन्सची अनमॉडिफायेबलनॅव्हिगेबलसेट मेथड लावून द्या. ती जावा ८ पासून आहे.

सावधान: व्ह्यूवर लूप चालू असताना मूळ सेटमध्ये टाकणं-काढणं केलं की कॉन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन येतं. काढायचंच असेल तर तुकड्यावर रिमूव्हइफ वापरा.

## टप्पा ८: तुकडा रिकामा असू शकतो

फर्स्ट आणि लास्ट रिकाम्या तुकड्यावर नो सच एलिमेंट एक्सेप्शन देतात. आधी इझएम्प्टी विचारा. साइझ शून्य आहे का, असं विचारू नका: ट्रीसेटच्या तुकड्याची साइझ घटक एकेक करून मोजूनच मिळते, इझएम्प्टीला मात्र पहिला घटक सापडतो का एवढंच पाहावं लागतं. टप्प्यातला एकच जवळचा घटक हवा असेल तर तुकडा कापायचीही गरज नाही. सीलिंग(६०) म्हणजे ६० किंवा त्यापुढचा पहिला, हायर(६०) म्हणजे ६० सोडून पुढचा. फ्लोअर आणि लोअर खालच्या बाजूने तसेच. सापडलं नाही तर चौघी नल देतात, म्हणून उत्तर इंट मध्ये थेट घेऊ नका.

## टप्पा ९: घटक मराठी शब्द असतील तर

स्ट्रिंगचा नैसर्गिक क्रम युनिकोडच्या कोडवर चालतो. गावांची नावं घ्या: पंढरपूर, पनवेल, परभणी, पाचोरा, पुणे, पुरंदर, पुसद, पेण, पैठण, फलटण. ट्रीसेट ती याच क्रमाने ठेवतो. सबसेट("प", ट्रू, "फ", फॉल्स) फलटण सोडून सगळी देते. सबसेट("पु", ट्रू, "पू", फॉल्स) पुणे, पुरंदर, पुसद देते, कारण युनिकोडमध्ये ऱ्हस्व उकाराच्या लगेच पुढे दीर्घ ऊकार आहे. सर्च बॉक्ससाठी कुठलीही सुरुवात चालायला हवी असेल तर वरचं टोक म्हणून सुरुवात + कॅरेक्टर.मॅक्स_व्हॅल्यू द्या.

वर्णमाला आणि युनिकोड सगळीकडे जुळत नाहीत. ळ वर्णमालेत ह नंतर येतो. युनिकोडमध्ये तो ल आणि व यांच्या मध्ये आहे. क्ष हे वेगळं अक्षर नसून क, हलन्त आणि ष असं साठवलं जातं, म्हणून क्षीरसागर हे आडनाव "ह" पासूनच्या टेलसेटमध्ये शोधू नका. ते "क" ते "ख" मध्ये आहे. वऱ्हाड हा शब्द दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो, दिसतो सारखाच, आणि सेट त्यांना दोन घटक मानतो. सेटमध्ये टाकण्याआधी मजकूर एकाच पद्धतीत आणा आणि कडेच्या मोकळ्या जागा काढून टाका.

आकडे कधीही स्ट्रिंग म्हणून ठेवू नका. "१०" हा "९" च्या आधी येतो, मग सबसेट("९", "१०") ला एक्सेप्शन येतं.

## टप्पा १०: टोकांवर चाचणी घ्या

मधले आकडे तपासून काही कळत नाही. ५२ द्वितीय श्रेणीत येणारच. प्रत्येक सीमेसाठी तीन घटक टाका: सीमेच्या जरा आधीचा, नेमका सीमेवरचा, जरा नंतरचा. ४४, ४५, ४६ आणि ५९, ६०, ६१. दशांश असतील तर ५९.९९ सुद्धा. मग सगळ्या गटांच्या साइझची बेरीज मूळ सेटच्या साइझशी ताडून पाहा: ३५ खालचे, ३५ ते ४५, ४५ ते ६०, ६० ते ७५ आणि ७५ पासून पुढचे. बेरीज कमी आली तर दोन गटांच्या मध्ये फट आहे, जास्त आली तर कुठलंतरी टोक दोन्हीकडे धरलं गेलं आहे. ही बेरीज युनिट टेस्टमध्येच लिहून ठेवा, म्हणजे पुढे कोणी ट्रूचं फॉल्स केलं की बिल्ड तिथेच थांबेल.